रॅडक्लिफच्या रेघेकाठानं : फिरोजपूर ते माधोपूर

सोमवार : फिरोजपूर, हुसैनीवाला

पंजाब मेल 1912 पासून धावते आहे. पूर्वी ती मुंबईहून निघून लाहोरमार्गे थेट पेशावर गाठायची. आता फिरोजपूर छावणीला तिचा प्रवास संपतो, आणि फेब्रुवारी 2025 मधल्या एका गारठलेल्या पहाटे आमचा तिथूनच सुरू झाला. बरोबर ताई आणि दाजी. दाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे नदी दिसली की ते आधी पाणी बघत नाहीत, दरवाजे मोजतात. ताईला हुसैनीवाल्याचं स्मारक आणि सुवर्णमंदिर पाहायचं होतं. मला पाहायची होती 1947 साली सिरिल रॅडक्लिफनं पंजाबवर ओढलेली रेघ. नकाशात ती शाळेपासून पाहिली आहे, जमिनीवर कशी दिसते ते बघायचं होतं.

रॅडक्लिफ हा लंडनचा नामांकित वकील. 8 जुलै 1947 रोजी तो भारतात आला. त्याआधी त्यानं या देशात पाऊलही टाकलं नव्हतं. महिना-सव्वा महिन्यात पंजाब आणि बंगाल या दोन्हींची वाटणी उरकायची होती. त्याला घालून दिलेली अट अशी : मुस्लिम आणि बिगरमुस्लिम बहुसंख्येचे सलग प्रदेश पाहून सीमा आखा, आणि ते करताना ‘इतर बाबी’ही विचारात घ्या. इतर बाबी कोणत्या, हे कुणी लिहून दिलं नाही.

भारत-पाकिस्तान वैराबद्दल आपल्याकडं बोलणं निघालं की ते धर्मावर सुरू होतं आणि काश्मीरवर येऊन थांबतं. धर्माच्या नावानं देश दोन झाले, लाखो माणसं मारली गेली, एक कोटीहून जास्त लोक घरदार सोडून उठले, यात काही खोटं नाही. पण वैर पिढ्यानपिढ्या टिकायला रोजचं काही कारण लागतं. ते कारण मला त्या ‘इतर बाबीं’मध्ये, विशेषतः पाण्यात आणि कालव्यांत दिसतं. म्हणून ही वाट.

हुसैनीवाला फिरोजपूरहून दहाएक किलोमीटर, सतलजच्या काठी. 23 मार्च 1931 रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी दिलं आणि लोकांच्या भीतीनं रातोरात प्रेतं बाहेर काढून या भागात जाळली. ताई आपल्या खेडच्या राजगुरूंसमोर बराच वेळ उभी होती. इथंच बटुकेश्वर दत्तांची आणि भगतसिंगांच्या आई विद्यावतींचीही समाधी आहे.

ही जागा 1961 पर्यंत पाकिस्तानात होती. भारतानं बारा गावं देऊन ती परत घेतली, असं इथं कुणीही सांगतं. आमचे ड्रायव्हर सरदारजीही तेच सांगत होते. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नदीकडं हात केला. “हुतात्म्यांसाठी असेलच रे. पण ही जागा कशाला लागून आहे, ते बघ की.”

लागून होतं फिरोजपूर हेडवर्क्स, म्हणजे नदी अडवून कालव्यांत पाणी सोडणारे दरवाजे. 1920 च्या दशकात सतलज खोरे प्रकल्पात बांधलेलं. इथून एक कालवा बिकानेरच्या वाळवंटाकडं जायचा, महाराजा गंगासिंहांचा गंग कालवा, 1927 साली सुरू झालेला. दुसरा पलीकडं दिपालपूरकडं, म्हणजे आज पाकिस्तानात. 1960 च्या जानेवारीत दोन्ही देशांचा जो सीमाकरार झाला, त्यात ही बाजू भारताकडं आली आणि खालच्या अंगाला सुलेमानकी हेडवर्क्सच्या भोवतीची जमीन पाकिस्तानला मिळाली. ज्याचे दरवाजे, त्याला त्यांच्या आजूबाजूची जमीन, असा तो सौदा होता. स्मारकाची गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली, हेडवर्क्सची फायलीत.

1947 चा किस्सा तर याहून भारी आहे. 8 ऑगस्टला व्हाइसरॉयच्या कचेरीतून पंजाबचे गव्हर्नर जेंकिन्स यांना सीमेचा कच्चा नकाशा गेला. त्यात फिरोजपूर आणि झिरा या तहसिली पाकिस्तानात होत्या. बिकानेर संस्थानाला कुणकुण लागली. दिवाण के. एम. पणिक्कर आणि मुख्य अभियंता कंवर सैन यांनी दिल्लीत धावाधाव केली : दरवाजे तिकडं गेले तर आमच्या कालव्याचं काय? 17 ऑगस्टला निवाडा जाहीर झाला तेव्हा दोन्ही तहसिली भारतात होत्या. माउंटबॅटननं रॅडक्लिफला वळवलं, हा पाकिस्तानचा आरोप आजही कायम आहे, आणि रॅडक्लिफचाच सचिव राहिलेल्या ब्यूमाँटनं पुढं म्हातारपणी तसंच सांगितलं. रॅडक्लिफ मात्र स्वतःचे कागद जाळून मोकळा झाला. निवाड्यात त्यानं एवढं लिहून ठेवलं की सतलजच्या पूर्वेच्या मुस्लिमबहुल भागाबद्दल आपण बराच काळ घोळत होतो, पण रेल्वे आणि पाण्याची व्यवस्था मोडू नये म्हणून इथं बहुसंख्येचा दावा मागं ठेवला. धर्मावर आखलेल्या सीमेत धर्माला बाजूला सारणारं हे वाक्य. मला ते अख्ख्या निवाड्यातलं सर्वांत प्रामाणिक वाटतं.

मग 1 एप्रिल 1948. पाण्याचा तात्पुरता करार आदल्या दिवशी, 31 मार्चला संपला होता. पूर्व पंजाबनं इथून दिपालपूर कालव्याचं आणि वर माधोपूरहून लाहोरकडच्या कालव्याचं पाणी बंद केलं. पलीकडं खरिपाची तयारी चाललेली. पाणी महिन्याभरानं, 4 मेच्या करारानंतर पूर्ववत झालं, पण पाकिस्तानच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही. दाजींचं यावर एकच म्हणणं : “कालव्याच्या हेडचा, म्हणजे तोंडाशी असलेला, आणि टेलचा, म्हणजे शेवटाला असलेला शेतकरी सख्खे भाऊ असले तरी आवर्तनाच्या रात्री एकमेकांवर कुऱ्हाड घेऊन जातात. आयुष्यभर तेच सोडवलं मी. इथं तर हेड एका देशात आणि टेल दुसऱ्या देशात.”

संध्याकाळची झेंडा उतरवण्याची कवायत पाहिली. पलीकडचं गाव गंडा सिंग वाला. दोन्हीकडचे प्रेक्षक इतके जवळ बसतात की समोरच्यांच्या शालींचे रंग ओळखू येतात. 1971 च्या युद्धात इथला पूल उडवून दिला होता. त्या जागी पक्का पूल व्हायला 2018 उजाडलं.

मंगळवार : हरीके, आसल उत्ताड

अमृतसरला जाताना हरीके लागलं. बियास आणि सतलज यांच्या संगमावरचं हे बॅरेज स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत बांधून झालं, आणि फिरोजपूरचं महत्त्व एकदम ओसरलं. राजस्थानकडं जाणारा मोठा कालवा इथूनच निघतो. सीमेला टेकलेल्या हेडवर्क्सवर अवलंबून राहायचं नाही, हे भारतानं लगेच ओळखलं. दाजी गाडीतून उतरून तासभर हरवले. पाणपक्षीही पुष्कळ होते म्हणे. आम्हाला दाजी सापडेपर्यंत ते उडून गेले.

पुढं खेमकरण भागात आसल उत्ताड. अब्दुल हमीद यांची कबर इथं आहे. 4 ग्रेनेडियर्सचे हवालदार, जीपवरच्या तोफेनं पाकिस्तानी पॅटन रणगाडे उडवताना 10 सप्टेंबर 1965 रोजी धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीरचक्र. आजूबाजूला सपाट शेतं. एक टेकाड नाही, एक ओढा म्हणावा असा नाही. आपल्याला सह्याद्री पाहायची सवय, इथं आडोसाच नसल्यानं डोळे कुठं टेकवायचे ते कळत नाही. रणगाड्यांना असाच मुलूख हवा असतो. म्हणून आपल्या फौजेनं कालवे फोडून शेतात पाणी सोडलं आणि पॅटन चिखलात रुतले.

तिकडं पाकिस्ताननंही पाण्याचाच कोट बांधला होता. 1948 चं पाणी तुटल्यावर त्यांनी लाहोरच्या पूर्वेनं बंबांवाली-रावी-बेदियां कालवा खोदायला घेतला, आपण त्याला इच्छोगिल कालवा म्हणतो. भारताच्या हातातल्या दरवाजांवर विसंबायला नको, हा एक हेतू. दुसरा हेतू 6 सप्टेंबर 1965 ला कळला. भारतीय फौज लाहोरच्या दिशेनं सरकली आणि त्या कालव्यावर येऊन अडली. खोदला तो पाण्यासाठी की लढाईसाठी, असं विचारण्यात अर्थ नाही. या मुलखात ती दोन खाती वेगळी नाहीतच.

अमृतसरला सुवर्णमंदिर. ताईच्या आग्रहानं रात्रीही गेलो. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही.

बुधवार : अटारी

अटारीचा सोहळा सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान मोबाइलवर तरी. 1959 पासून चालू आहे. पाय कपाळापर्यंत, आरडाओरडा, देशभक्तीची गाणी. ताईनं मनापासून टाळ्या वाजवल्या. मला फार वेळ बसवलं नाही. खरी अटारी त्या गॅलरीच्या अलीकडं आहे.

एप्रिल 2012 मध्ये इथं मोठं एकात्मिक तपासणी नाकं उघडलं. ट्रकांसाठी प्रशस्त तळ, गोदामं. तिकडून सिमेंट, जिप्सम, खारीक यायची. इकडून भाजीपाला जायचा. पुलवामानंतर फेब्रुवारी 2019 मध्ये भारतानं पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क लावलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरचा विशेष दर्जा गेला, तेव्हा पाकिस्ताननं व्यापारच थांबवला आणि समझोता एक्स्प्रेसही बंद झाली. आम्ही गेलो तेव्हा अफगाणिस्तानचा सुकामेवा तेवढा येत होता. नाक्याबाहेर चहा पिताना एक हमाल भेटला. पूर्वी हातात बिल्ला आणि खांद्यावर पोतं असं चालायचं, आता महिन्यातले थोडे दिवस काम, बाकी अमृतसरात रोजंदारी. राग कुणावर, असं विचारलं तर म्हणाला, “सरकारों पर।” दोन्ही सरकारांना त्यानं एकाच अनेकवचनात बसवलं.

इथून लाहोर पंचवीसेक किलोमीटर. पाकिस्तानचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, त्याची मुख्य रेल्वे आणि जुना ग्रँड ट्रंक रस्ता सीमेच्या इतक्या जवळून जातात की त्यांच्या लष्कराला मागं सरकायला जागा नाही. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं, पण रावळपिंडीत बसलेल्या सेनापतीच्या खुर्चीतून नकाशा पाहिला की त्यांचा अर्धा इतिहास कळतो : मोठी फौज, फौजेच्या हातात कारभार, मागच्या बाजूला अफगाणिस्तानात वजन ठेवण्याची धडपड, आणि पोसलेले दहशतवादी. यातलं काहीच त्यामुळं क्षम्य ठरत नाही. भीती खरी असली म्हणून उपाय बरोबर असतो असं थोडंच आहे.

दुपारी अटारीजवळच्या एका गावात गेलो. पंजाबची सीमा 553 किलोमीटरची. कुंपण प्रत्यक्ष रेषेवर नाही, बरंचसं आपल्या हद्दीत आत आहे. त्यामुळं हजारो एकर भारतीय शेती कुंपणाच्या पलीकडं राहते. लोक त्याला ‘तार पार’ची जमीन म्हणतात. एक वयस्क शेतकरी आम्हाला बांधापर्यंत घेऊन गेले. दोन रांगांचं काटेरी कुंपण, वर दिव्यांचे खांब, मध्ये लोखंडी फाटक. फाटकाशी बीएसएफचा जवान ओळखपत्र बघतो, वहीत नाव लिहितो, ट्रॅक्टरखाली आरसा फिरवतो. सकाळी उघडतं, संध्याकाळच्या आत बंद. उंच पिकं घ्यायची नाहीत, पलीकडचं दिसायला हवं. म्हणजे ऊस नाही, मका नाही. गहू आणि भात.

“रात्री पाणी द्यायची वेळ आली तर?” दाजींनी विचारलं. हा प्रश्न त्यांनाच सुचणार.

“रात को तार पार कौन जाने देगा जी?” शेतकरी हसले. पंप चालू करून यायचं आणि सकाळपर्यंत वीज राहो म्हणायचं. जमीन विकायची म्हटलं तर कुणी घेत नाही, आणि मुलाच्या सोयरिकीच्या वेळी मुलीकडचे आधी विचारतात, किती एकर अलीकडं आणि किती पलीकडं.

गुरुवार : डेरा बाबा नानक, मकौडा पत्तन

डेरा बाबा नानकहून रावीपलीकडं करतारपूर साहिबचा पांढरा घुमट दिसतो. सीमेपासून साडेचार किलोमीटर. गुरू नानकांनी आयुष्याची शेवटची वर्षं तिथं शेती करत काढली. कितीतरी वर्षं भाविक या काठावर उभं राहून दुर्बिणीतून दर्शन घ्यायचे. 9 नोव्हेंबर 2019 ला कॉरिडॉर उघडला, विनाव्हिसा जाता येऊ लागलं. त्यासाठी आधी नोंदणी लागायची आणि पासपोर्टही. ताई-दाजींचे पासपोर्ट घरी कपाटात, म्हणून आम्ही अलीकडूनच हात जोडले.

गुरुदासपूर जिल्ह्याच्या चार तहसिली होत्या. रावीपलीकडची शकरगढ पाकिस्तानला, आणि गुरुदासपूर, बटाला, पठाणकोट भारताला. करतारपूर गेलं ते शकरगढसोबत. निवाडा 17 ऑगस्टला बाहेर आला, तोवर हा जिल्हा पाकिस्तानात जाणार असं धरूनच कारभार चालला होता. मुस्लिम अधिकारी रुजू झाला होता, पाकिस्तानचा झेंडा फडकला होता. तीन दिवस स्वतःला एका देशात समजलेली माणसं चौथ्या दिवशी दुसऱ्या देशात उठली, आणि मग कत्तली आणि काफिले.

तिथून वर मकौडा पत्तन. रावी आणि उझ नद्यांचा संगम. रॅडक्लिफच्या निवाड्यात एक बारीक कलम आहे : उझ कुठूनही वाहो, सीमा नदीच्या पात्राची नाही, तहसिलीच्या हद्दीची धरायची. वकिली डोकं म्हणून हे चोख. पण नद्या या भागात लोळतात, पात्र बदलतात. परिणाम असा की रावीपलीकडं भारताची काही गावं आहेत, ज्यांच्या एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला पाकिस्तान. कोरड्या दिवसांत तरंगता पूल असतो, पावसाळ्यात तो काढून घेतात आणि मग नाव.

आम्ही पुलावरून चालत गेलो. फळ्या पायाखाली कटकट वाजत होत्या, मोटरसायकली बाजूनं सटकत होत्या. पलीकडून दुधाच्या कॅना घेऊन येणाऱ्या बाईंना ताईनं विचारलं, बाळंतपणाला काय करता? त्या म्हणाल्या, पावसाळा धरून दिवस मोजतो, आधीच माहेरी पाठवतो. एवढं बोलून त्या घाईनं निघाल्या, दूध संकलनाची गाडी थांबत नाही.

शुक्रवार : पठाणकोट, माधोपूर

पठाणकोटकडं जाताना नकाशा मांडीवर ठेवला होता, कारण हा सगळ्यांत वादाचा टापू. 1947 पूर्वी काश्मीरच्या मोठ्या वाटा दोन, रावळपिंडीहून झेलमच्या खोऱ्यानं श्रीनगर आणि सियालकोटहून जम्मू. जम्मूची रेल्वेही सियालकोटकडूनच यायची. दोन्ही वाटा पाकिस्तानात गेल्या. भारताच्या हाती उरला पठाणकोट-माधोपूर-कठुआ हा रस्ता. गुरुदासपूर भारताला दिलं ते काश्मीरला दार उघडं राहावं म्हणून, असं पाकिस्तान म्हणतं. यात तथ्य किती? पठाणकोट तहसील बिगरमुस्लिम बहुसंख्येचीच होती, आणि जिल्ह्यातली मुस्लिम बहुसंख्या अगदी काठावरची. शिवाय फेब्रुवारी 1946 मध्येच व्हाइसरॉय वेव्हेलनं आपल्या आराखड्यात गुरुदासपूर भारताकडं ठेवलं होतं, अमृतसर तिन्ही बाजूंनी घेरलं जाऊ नये म्हणून. माझं मत वेव्हेलच्या कागदाकडं झुकतं. पण रॅडक्लिफच्या पंजाब सीमा आयोगात बसलेले न्यायमूर्ती मेहरचंद महाजन ऑक्टोबर 1947 मध्ये काश्मीरचे पंतप्रधान झाले, हे पाहून पलीकडच्यांना संशय आला तर नवल नाही.

माधोपूरला रावी डोंगरातून मोकळी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी इथून अप्पर बारी दोआब कालवा काढला. त्याच्या शाखा अमृतसर, लाहोरपर्यंत जायच्या. एकच व्यवस्था होती ती. रेघ नंतर आली. रॅडक्लिफलाही हे दिसत होतं. कालवे, रेल्वे, वीज अशा गोष्टी तुटणार असतील तिथं दोन्ही देशांनी मिळून कारभार करावा, अशी आशा त्यानं निवाड्यात नोंदवली. ती कुणी मनावर घेतली नाही.

एकत्र चालवणं जमलं नाही, म्हणून मग नद्याच वाटल्या. 19 सप्टेंबर 1960 रोजी कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू जलकरारावर सह्या केल्या, जागतिक बँक मध्यस्थ. रावी, बियास, सतलज भारताला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पाकिस्तानला नवे जोडकालवे बांधावे लागणार म्हणून भारतानं सुमारे 6 कोटी 20 लाख पौंड दिले. तोडगा बरा होता, युद्धांतही टिकला. पण पाकिस्तानच्या वाट्याच्या तिन्ही नद्या जम्मू-काश्मीर किंवा लडाखमधून वाहत येतात. त्यामुळं काश्मीरचा प्रश्न त्यांच्यासाठी पाण्याचाही झाला, आणि बगलिहार असो की किशनगंगा, चिनाब-झेलमवर आपण वीजप्रकल्प काढला की 1948 ची आठवण निघाली.

रावीचं उरलंसुरलं पाणी मात्र वर्षानुवर्षं पलीकडं वाहून जायचं, आपलं असूनही. रणजित सागर धरण 2001 मध्ये झालं, त्याखालचं शाहपूरकंडी रखडत रखडत अलीकडं. पंजाब आणि जम्मू-काश्मीर यांच्या आपसातल्या कुरबुरीत त्याची वर्षं गेली. दाजी खूश झाले. “बघ, पाकिस्ताननं नाही अडवलं. आपल्याच दोन राज्यांनी अडवलं.”

आम्ही परतलो त्यानंतर दोन महिन्यांत पहलगाम झालं. 23 एप्रिल 2025 ला भारतानं सिंधू करार स्थगित केला आणि अटारीचं नाकं बंद झालं. मेमध्ये लढाई आणि करतारपूर कॉरिडॉर बंद. अटारीचा सोहळा पुन्हा सुरू झाला तो हस्तांदोलनाशिवाय, फाटक लावून ठेवून. पाणी तोडलं, पाणी तोडलं, असा गजर टीव्हीवर सुरू होता तेव्हा मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, “चिनाबवर साठवायला धरण कुठंय? दरवाजे चार दिवस लावता येतील, गाळ काढता येईल, पाण्याची आकडेवारी द्यायची बंद करता येईल. बाकीचं बांधायला दहा-पंधरा वर्षं.”

ऑगस्टमध्ये रावीला पूर आला. माधोपूरच्या बॅरेजचे काही दरवाजे मोडले, सीमेचं कुंपण किलोमीटरच्या किलोमीटर आडवं झालं, डेरा बाबा नानक आणि करतारपूर दोन्हीकडं पाणी शिरलं. करार स्थगित असल्यानं पुराचा इशारा सिंधू आयुक्तांमार्फत जायचा तो उच्चायुक्तालयामार्फत पाठवला, माणुसकीच्या नात्यानं असं सांगून. दाजींनी त्या मोडलेल्या दरवाजांचे फोटो मला पाठवले, खाली लिहिलं होतं : देखभालीचं रजिस्टर बघायला पाहिजे.